पाळण्यातला नारळ

पहिल्यांदा पाळण्यात नारळ सापडला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. त्यांचंही बरोबर होतं. आदल्याच तालमीत मी त्यांना रामजन्माचं कीर्तन रंगवून सांगितलं होतं. उत्तररंगात बुवा नारळाला कुंची घालतात, पाळण्यात निजवतात, बायका दोरी ओढतात आणि त्या घटकेला तो नारळ कोणालाच नारळ वाटत नाही. सांगताना मीच डोळे पुसले. लविना हसून म्हणाली होती, "भिकाजीकाका, तुमी आमका पण रडवतलास."

लविना आमच्या गायनमंडळाची प्रमुख. नाताळाआधीच्या रविवारी मालवणच्या खाडीकाठी आमचा कार्यक्रम ठरला होता. बाळाच्या जन्माची गाणी, ज्याच्या घरात जी असतील ती. ख्रिस्ती मंडळींची कोंकणी नाताळगीतं, आम्ही दत्तजयंतीला म्हणतो तो दत्ताचा पाळणा, आणि रहिमाबायने देवगडच्या माहेराहून आणलेलं अंगाईगीत. पाळणा गायचं काम माझ्याकडे होतं. आयुष्यभर बुवांच्या मागे उभा राहून झांज वाजवली; पुढे येऊन गायची ही पहिलीच वेळ.

तालमी चर्चच्या सभागृहात चालत. मंचावर मधोमध एक लाकडी पाळणा टांगलेला होता. तो लविनाच्या सासरचा, तिचा नवरा प्लासिद त्यातच वाढलेला. फेब्रुवारीत त्यांचं बाळ त्यात निजायचं होतं. याआधी दोन वेळा तिला दिवस गेले आणि मूल पोटातच गेलं, म्हणून या बाळाविषयी कोणी मोठ्याने बोलत नसे.

पाळणा रिकामाच ठेवायचा, हा प्लासिदचा नियम. "बाळ येशू नाताळच्या आदल्या रातीक येतलो. त्याच्या आधी कोण नाय."

आणि त्या पाळण्यात हिरव्या फडक्यात गुंडाळून घट्ट गाठ मारलेला नारळ. असा नारळ कोणाच्या दारात सापडला तर आमच्याकडे करणी समजतात, हे सांगायला नको.

"काकानू, ह्यो तुमचो?" प्लासिदने विचारलं.

"माजो नाय रे."

"नारळाची गोष्ट तुमीच सांगलास."

"गोष्ट सांगलंय. नारळ ठेवूक नाय."

त्याने काठीने तो पोत्यात ढकलला आणि खाडीत टाकून आला. पुढच्या तालमीला दुसरा नारळ. तसंच फडकं, तशीच गाठ.

मग मी आत शिरलो की बोलणं थांबायला लागलं. चहाचा पेला हातात न देता बाकावर ठेवला जायचा. लविना वरच्या सुराला पोचेना. पोटावर हात ठेवून ती माझ्याकडे पाहायची आणि मी पाहिलं की नजर वळवायची. शेवटी प्लासिद म्हणाला, "दत्ताचो पाळणो ह्या वर्सा नको, काका. तुमी नुसती झांज वाजवा."

मी झांज उचलली. पण माझ्या मनातही फडक्याचा हिरवा रंग घोळायला लागला होता. रहिमाबाय सगळ्यांच्या आधी येते, सगळ्यांच्या नंतर जाते. गाताना पाळण्याकडे चोरून बघते. ज्या मनात सकाळी नामस्मरण करायचो, त्याच मनात तिच्यावर आळ घ्यायला लागलो.

पुढच्या तालमीला दुपारीच जाऊन दाराआड बसलो. रहिमाबाय आली. पिशवीतून नारळ काढला, पाळण्यात ठेवला, पाळणा हलतो का ते बोट लावून बघितलं.

"काय ता, रहिमाबाय?" मी पुढे झालो.

ती दचकली नाही. "गप रवा, भिकाजीदादा. कोणाक बोलू नकात."

पण कोणाला सांगायची गरजच उरली नाही. लविना आणि प्लासिद दारात उभे होते. प्लासिद बागेतून थेट आलेला, कमरेच्या आकडीला कोयता.

"म्हणजे दोघांनी मिळान," तो म्हणाला.

"त्येंका कायच म्हायत नाय. दरवेळी मीच ठेवलंय."

"कित्याक?"

रहिमाबायने लविनाकडे पाहिलं आणि रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"सांग खाला," लविना पुढे येत म्हणाली.

"तुकाच सांगूचा नव्हता, म्हणान तर चोरून ठेवलंय. खिडकेतसून खाडीचो वारो येता, पाळणो आपसूक हलता. रिकामो. आणि तू ह्या दिवसांत त्याच्या पुढ्यात उभी रवान गातंस. रिकामो पाळणो हलवूचो नाय, ह्यां आमच्यातय पाळतत. तुका सांगलंय असतां, तर तू भिवान घरात बसलं असतंस. वजन ठेवलां की पाळणो गप रवता."

"आणि गाठ?" प्लासिद म्हणाला.

"नारळ गडगडता, म्हणान गाठ. माज्या लेकीची, अर्शियाची जुनी ओढणी फाडलंय. जादू करूक माका वेळ खंय आसा रे? शिलाईचे कपडे पडले आसत घरात."

प्लासिदने नारळ उचलला, मंचाच्या कडेला टेकवला आणि कोयता काढला. "फोडून बगतंय. आत काय भरल्यानी असात तर दिसात."

"फोड. खोबरा माका दी, कालवणाच्या वाटपाक होयत."

कोयता वर गेला.

"फोडू नको," लविना म्हणाली.

"अगो, तूच तर काल रडत होतंस."

"रडत होतंय. तरी फोडू नको."

तिने नारळ त्याच्या हातून काढून घेतला. भीती काही तिच्या चेहऱ्यावरून गेली नव्हती. नारळ अंगापासून जरा लांबच धरला होता. मग हळूहळू तो तिच्या कोपराच्या खोबणीत आला. तिने गाठ सोडली, नारळ फिरवून फिरवून पाहिला, ओढणी पुन्हा गुंडाळली, गाठीशिवाय, आणि तो स्वतःच्या हाताने पाळण्यात ठेवला.

"काका, दत्ताचो पाळणो घेवया."

"फादरांक काय सांगू?" प्लासिदने विचारलं.

"नारळ आसा म्हणान सांग. बाळ नाय. बाळ त्या रातीकच येतलो."

रविवारी सभागृह भरलं. नारळ पाहून पुढच्या बाकावर कुजबूज झालीच. मी पुढे येऊन गणपतीला, दत्ताला आणि ज्यांच्या छपराखाली उभा होतो त्या देवालाही हात जोडले. पाळणा सुरू केला. बायकांनी ध्रुपद उचललं. प्लासिद शेवटच्या रांगेत ओठ मिटून उभा होता. दुसऱ्या कडव्याला मागून त्याचा खर्ज ऐकू आला.

"त्येचे डोळे बगा," रहिमाबाय पुटपुटली. "अजून संशय आसा."

"आसूं दे. गाता ना?"

लविनाने पाळण्याची दोरी हातात घेतली. थोडा वेळ ती नुसती धरून राहिली. मग तिने ती ओढली.