जावईबापूंचा लाल दिवा

आमच्या लॉन्ड्रीत यंत्र आलं आणि आम्ही त्याचं नाव जावई ठेवलं. एवढे लाड दुसऱ्या कुणाचे होतात? त्याच्यासाठी एसी बसवला. आम्ही इस्त्रीच्या वाफेत उकडून निघतो. हॉटेलांच्या ओल्या चादरी तो धुलाईच्या मशीनमधून उपसतो, टेबलावर टाकतो, आणि तापला की लाल दिवा लावून स्वस्थ उभा राहतो. तो थंड होईपर्यंत त्याचं ओझं आम्ही उपसायचं. माझा उजवा खांदा त्यातच कामातून गेला.

माझी जाऊ दुसऱ्या एका लॉन्ड्रीत आहे. तिला यंत्राचं भारी कौतुक. "माझी कंबर वाचली गं," म्हणते. वाचणारच. तिची नोकरी कायम आहे, आणि यंत्र आलं तेव्हा तिलाच ते चालवायला शिकवलं. आम्ही कंत्राटी; मुदत संपली की साहेबांच्या तोंडाकडे बघत बसायचं. यंत्र तेच, चादरी त्याच, पण ती त्याला रोज पुसून ठेवते आणि मी शिव्या घालते. यंत्राला घाबरते म्हणून मला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी आमची कंत्राटं बघावीत.

त्या दिवशी साहेब कॅमेरावाल्याला घेऊन आले. यंत्राबरोबर कामगार किती खूश आहेत ते लोकांना दाखवायचं होतं. नवीन कंत्राटं त्याच आठवड्यात व्हायची होती. "छान बोला," साहेब म्हणाले, "मी लक्षात ठेवीन."

मावशी, आमच्यातली सगळ्यात थोरली, माझ्या कानाशी लागली. "तोंड आवर गं. घरात तू एकटी कमावती आहेस."

मी आवरणारच होते. "यंत्राबद्दल काय वाटतं?" कॅमेरावाल्याने विचारलं, आणि तेवढ्यात जावईबापूंचा लाल दिवा लागला.

"चला, उपसा पटापट," साहेब म्हणाले. "हॉटेलची गाडी उभी आहे."

खांदा आधीच ठणकत होता. भिंतीशी एक बाक आहे, जावयाची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकसाठी ठेवलेला. आम्हाला त्यावर बसायची बंदी. मी जाऊन त्यावर बसले.

"हेवा वाटतो," मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. "तो दमला की थांबतो. आजपासून तो थांबला की मीही थांबणार."

साहेबांनी कॅमेरा बंद करायला लावला. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

पण उठायची इच्छा होईना.

"उद्याचं उद्या बघू," मी म्हणाले. "आत्ता लाल दिवा आहे."

साहेबांनी मावशीकडे बोट केलं. "तुम्ही उपसा."

मावशीने एक चादर मशीनमधून अर्धी ओढलेली होती. ती तिने तशीच लोंबत सोडली आणि हात पुसत माझ्याकडे आली.

"सरक गं जरा," ती म्हणाली. "आणखी चौघी येतायत."