विजेकडे वळलेली सुई

काल मला विमानातून काढून टाकलं. पण मित्रांनो, तसं काही घडलंच नाही असं धरून चालू. मी एक जुनी दिशादर्शक सुई आहे आणि पेशंट नेणाऱ्या छोट्या विमानात वैमानिक मामांच्या समोर काचेआड बसते. सध्या माझ्या आजूबाजूला सुटे नटबोल्ट आहेत. ते पाहुणे आलेत.

माझं काम सोपं. धावपट्टीजवळचा रेडिओ मनोरा सारखा टिट-टिट करतो आणि मी त्याच्याकडे तोंड करून बसते. मी दाखवीन तिकडे मामा विमान नेत. वाटेत माझ्याशी बोलत: गुडघेदुखी, मामींचा अबोला, सगळं. मी मान डोलवी. खरं तर ती इंजिनाची थरथर होती, पण त्यांना बरं वाटे.

मग मामांची भाची सहवैमानिक म्हणून आली आणि माझ्या शेजारी उपग्रहांवर चालणारा, वाट दाखवणारा पडदा बसला. मामा त्याच्यावर टोपी टांगत.

परवा मागे स्ट्रेचरवर पेशंट होता आणि बाहेर नुसते ढग. उजवीकडच्या डोंगरावर विजा कडाडू लागल्या. मित्रांनो, वीज जवळ आली की आम्हा सुयांना मनोऱ्याची शुद्ध राहत नाही. मी तिकडे वळले. मामांनीही विमान वळवायला घेतलं.

"मामा, कुठे निघालात? पट्टी समोर आहे!"

"सुई उजवीकडे म्हणतेय."

"ती विजेकडे बघतेय! तिकडे डोंगर आहे."

"इतकी वर्षं हिनंच घरी आणलंय गं मला."

"आज मी आणते. ती टोपी काढा आधी."

मला ओरडायचं होतं, 'मामा, पोरीचं ऐका!' पण मला फक्त बोट दाखवता येतं, आणि ते डोंगराकडे होतं.

मामांनी टोपी उचलली. पडद्यावरची रेघ धरून विमान ढगांखाली उतरलं, तर पट्टीचे दिवे नाकासमोर. पेशंट थेट ऑपरेशनला गेला आणि वाचला.

नंतर भाची म्हणाली, "राहू दे ना तिला तिथंच. शोभेला."

"नको," मामा म्हणाले. "दिसली की मी तिचंच ऐकेन."

मित्रांनो, मला राग आला नाही. पडदा हुशार आहे, त्याला जपा. पण भाची गेल्यावरही मामा बराच वेळ त्या बंद विमानात एकटेच बसले होते.

तरी कक्षेत कार्यरत असलेल्या सर्व उपग्रहांना विनंती करण्यात येते की, विमान उतरल्यानंतर आपल्यापैकी एकाने खाली येऊन वैमानिकाजवळ थोडा वेळ बसावे. विलंब होऊ नये.