लाइन बिझी असताना

दोघी बहिणी एकाच घरात राहायच्या, आणि फोनही एकच होता. थोरली घरी कपडे शिवायची. तिच्या शिलाई मशीनशेजारी आन्सरिंग मशीन होतं; घरात कोणी नसलं की ते निरोप घ्यायचं. पण ती गिऱ्हाइकांशी बोलत बसली की लाइन अडकून राहायची. म्हणून धाकटीनं फोन कंपनीकडून व्हॉइसमेलची सोय घेतली. लाइन बिझी असताना आलेले निरोप तिकडे साठायचे. ते ऐकायचा कोड धाकटीकडे होता.

"तुला नाही जमायची ती बटणं," असं म्हणून तिनं विषय मिटवला.

चष्म्याच्या दुकानाचा मालक मध्यंतरी थोरलीकडे पडदे शिवायला टाकून गेला होता. तो तोतरा होता. पडदे न्यायला आला तेव्हा बराच वेळ उगाच रेंगाळला, फोन करतो म्हणाला. मग काहीच नाही. थोरलीनं काही दिवस वाट पाहिली आणि मनातून काढून टाकलं. निदान तसं ठरवलं.

पुढे तिची दाढ ठणकायला लागली. धाकटी दातांच्या ज्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती तिथेच ती गेली. धाकटी नेमकी बाहेर गेली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दाढ उपटली. कापूस देताना नर्स हसू दाबत म्हणाली, "ते च-चष्मेवाले तुमचेच ना?"

थोरलीनं दाढेत कापूस धरून 'कोण?' अशी मान हलवली.

"जेवणाच्या सुट्टीत त्यांचे निरोप ऐकवते की तुमची बहीण आम्हाला, स्पीकरवर. लग्नाचं विचारतात तो तर काय भारी आहे. तुम्हीच म्हणालात ना, ऐकवत जा म्हणून?"

थोरली तशीच घरी आली आणि चप्पलही न काढता तिनं त्याच्या दुकानात फोन लावला. जीभ आणि अर्धा ओठ अजून बधिर होते.

"हॅलो... म... मी बोल्तेय... तुम्चे निलोप म... मला..."



"न-नक्कल करताय?" तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी जिभेत जीव आला. तिनं पुन्हा पुन्हा लावला, त्यानं उचलला नाही. धाकटी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला त्याचे निरोप ऐकायचेत."

"पुसले मी. जागा भरली होती," धाकटी पर्स ठेवत म्हणाली. "आणि तू काय खरंच जाणार होतीस त्याच्याकडे? मग इथलं सगळं मी एकटीनं बघायचं?"

थोरली पुन्हा त्याचा नंबर फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून धाकटीचा फोन आला. मागे कोणीतरी खिदळत होतं.

"निरोप आहे तुला. काल तू फोनला चिकटून बसली होतीस तेव्हाचा. प-परत फोन क-करू नका, म्हणतोय." तिनं त्याचा आवाज हुबेहूब काढला. "या वेळी सांगितलं हं मी."