सत्तावीस खडे

मिनाने कोटाच्या खिशातला खडा बाहेर काढला आणि ती तशीच उभी राहिली. नवऱ्याच्या, हर्शेलच्या थडग्यावर आधीच खडे होते. शिळेच्या माथ्यावर तीन, पायथ्याशी ढीग, काही गवतात. तिने मोजले. सत्तावीस.

ज्यूंच्या कबरीवर फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात. येऊन गेलो एवढंच सांगायला. वर्षभर इथे तिचेच तेवढे खडे असायचे.

तीस वर्षं हर्शेलने विनिपेगमध्ये शाळेची बस चालवली. शेवटच्या वर्षी कुणीतरी सीटवर ‘ज्यूंना जाळा’ असं कोरलं. त्याने तक्रार केली, तीही कोरणाऱ्या मुलाचं नाव घेऊन. तेव्हापासून अर्धी वस्ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. त्याच्या अंत्यविधीला मोजून सहा माणसं होती. नणंद ब्लँश तिथेच म्हणाली होती, “तोंड मिटून बसला असता, तर खांदा द्यायला तरी माणसं मिळाली असती.”

म्हणजे मुलं आली होती तर. त्याच्या बसमधली, आता मोठी झालेली. मिना गुडघे टेकून बसली आणि ढिगातला एकेक खडा हातमोज्याने पुसून शिळेवर रांगेत मांडू लागली. ब्लँशला कधी एकदा सांगते, असं तिला झालं होतं.

रखवालदार ओरेस्ट ढकलगाडी घेऊन आला आणि टोपी काढून उभा राहिला. कोण कोण आलं होतं, नावं कळली तर पत्रं पाठवीन म्हणते, असं मिनाने त्याला सांगितलं. तो गाडीच्या मुठीवरची माती नखाने खरवडत राहिला. आपण काही बघितलं नाही, म्हणाला.

त्याच्या गाडीत फुटक्या शिळांचे तुकडे होते. एकावर कुणाच्या तरी नावाची दोन अक्षरं.

मिनाने वळून पाहिलं. ढीग ओसरला होता, आणि त्यामागे हर्शेलच्या नावाचा टवका उडालेला दिसत होता, ताजा, पांढरा. तिच्या हातातला खडा अंड्याएवढा होता. एवढा खडा खिशात घालून कुणी आणत नाही, फेकून मारायला उचलतो.

“काढतो मी ते, बाई,” ओरेस्ट म्हणाला.

“कशाला?”

तिने तो दगड रांगेत बसवला, डुगडुगणार नाही असा. शेवटी आपला खडा ठेवला.

“रविवारी नणंद यायचीय. मोजू दे तिला.”