अडुसष्ट नंबरची चूक

अनयच्या वागण्यातली एक गोष्ट यमुनाबाईंना कधीच पटली नव्हती. कुणी दोष दिला की हा गप्प बसायचा. गप्प बसला तर बसला, वर मानही हलवायचा, जणू समोरचा बोल लावत नाहीये, प्रसाद वाटतोय. शाळेत दुसऱ्याच कार्ट्यानं काच फोडली, तेव्हाही बाईंसमोर असाच उभा राहिला होता. "देवानं एवढा डोंगराएवढा देह दिला, त्याला तोंडही दिलंय," यमुनाबाई म्हणायच्या. "ते काय नुसतं जेवायला?"

आणि आज, सोमवारी, तो जेवतही नव्हता.

लंडनमधल्या ईलिंगच्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अनयसाठी मुद्दाम एक लाकडी बाक ठेवला होता, कारण बाकीच्या नाजूक पायांच्या खुर्च्या त्याच्याखाली टिकत नव्हत्या. त्या बाकावर तो खांदे पाडून बसला होता. ताटातलं थालीपीठ गार झालं होतं, लोणी विरघळून कडेला ओघळलं होतं. शेजारी टॅबलेट उभा करून ठेवला होता आणि अनय त्याच्याकडे असा बघत होता, की ते यंत्र आता उठून चावणारच.

यमुनाबाईंचा मुलगा गिरीश हाडांचा डॉक्टर. जन्मभर लोकांची हाडं जोडत आला, आणि त्याच्या पोटी हा निघाला लोकांच्या अंगावर धडकणारा. अमेरिकन फुटबॉल! बॉल हातात घेऊन पळायचं आणि त्याला फुटबॉल म्हणायचं, इथूनच यमुनाबाईंचं त्या खेळाशी वाकडं होतं. पण अमेरिकेतल्या एका मोठ्या टीमनं नातवाला राखीव म्हणून उचललं, तेव्हा ही बातमी महाराष्ट्र मंडळात घरोघर पोचवली ती त्यांनीच.

राखीव म्हणून त्यानं नुसता घाम गाळला. मग नेमका लंडनच्या मॅचआधी त्याच्या जागेवरच्या गड्याचा गुडघा गेला आणि अनयला मैदानात उतरवलं. एका मॅचपुरतं. ती बघून कोच मार्क देणार, आणि त्या मार्कांवर ठरणार, पोराला टीममध्ये ठेवायचं की नारळ द्यायचा. मॅच काल झाली. टीम परत गेली, अनयला दोन दिवस घरी राहायची मुभा मिळाली. आता दुपारी अमेरिकेत उजाडलं की कोच बोलणार होता.

काल सगळं घर स्टेडियममध्ये होतं. बोचऱ्या वाऱ्यात, कानटोपी आणि दोन शाली घेऊन यमुनाबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि शेजारी अनयची धाकटी बहीण तनू भावंडांच्या त्या लंडनी मराठीत त्यांना शिकवत होती.

"आजी, बॉल नको बघू. सगळे बॉल बघतात. आपण फक्त दादाला बघायचं. ते पाच जण पुढे वाकून उभे आहेत ना, त्यातला उजवीकडून दुसरा. त्यांच्या मागे जो आहे, तो बॉल फेकणार. त्याला कुणी हात नाही लावला पाहिजे. दादाचा काम एवढाच."

"म्हणजे पहारेकरी."

"हां, पहारेकरी."

यमुनाबाईंनी पहारा बघितला. दर खेपेला समोरून बैलासारखे गडी धावून यायचे आणि अनय त्यांना छातीवर घ्यायचा. पण भोंग्यावरून ओरडणारा बाबा बाकी सगळ्यांची नावं घेत होता, अनयचं मात्र एकदाही नाही.

"याच्या तोंडाला काय झालंय? आमच्या पोराचं नाव घेता येत नाही?"

"नाही घेत ते चांगलं आहे, आजी! दादाचा नाव कधी घेतात माहितीय? त्यानं काहीतरी घोळ केला की."

हे यमुनाबाईंना आधी उफराटं वाटलं. मग एकदम मंडळातली गणपतीची पंगत आठवली. मिसरूड फुटायच्या आधीपासून अनय तिथं वरण वाढायचा, आणि वाढायला त्याला त्यांनीच शिकवलं होतं. वाढप्याला हाक मारायची वेळ आली, की वाढपी नापास. आणि दुसरं, पलीकडच्या ओळीतून कुणी कितीही ओरडलं तरी आपली ओळ सोडून धावायचं नाही. धावलास की दोन्ही ओळी उपाशी. हे आठवलं आणि यमुनाबाई निवांत झाल्या. भोंगा गप्प, म्हणजे पंगत नीट चाललीय.

आणि मग मॅच संपता संपता ते झालं. अनयच्या उजव्या बाजूनं काळ्या शर्टातला एक दांडगा गडी सुसाट आत घुसला. अनयनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बॉल फेकणारा पाठीवर उताणा, बॉल घरंगळत दुसऱ्यांच्या हातात, मॅच तिथंच गेली. सगळ्या स्टेडियमनं एकदम "ओऽह" केलं. मागच्या रांगेतला एक लालबुंद माणूस ओरडला, "सिक्स्टी-एट!" अडुसष्ट म्हणजे अनयच्या पाठीवरचा आकडा. एवढं इंग्रजी यमुनाबाईंना येत होतं.

त्या गर्रकन मागं वळल्या. "तुझ्या घरचं खातो का रे तो?"

त्या माणसाला वाटलं म्हातारीला थंडी वाजतेय. त्यानं गळ्यातला स्कार्फ काढून पुढं केला. यमुनाबाईंनी तो घेतलाही. राग वेगळा, थंडी वेगळी.

घरी आल्यावर गिरीशनं टीव्हीवर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. "हे बघ, सरळ तुझ्या बगलेतून गेला. एक हात टाकला असतास तरी अडला असता."

"हो, बाबा."

"मग टाकला का नाहीस?"

"चूक झाली."

तनूनं फोनमध्ये बघून सांगितलं, की कुठल्याशा वेबसाइटवर पाचही जणांना मार्क दिलेत आणि दादाचे सगळ्यात कमी. एवढ्यावर भागलं नाही. मॅचनंतर कुणी पत्रकारानं विचारलं, तेव्हा हे शहाणं त्यालाही सांगून आलं होतं, की ते माझ्याकडून झालं.

सकाळी यमुनाबाईंनी त्याला एकट्याला गाठलं होतं. "खरं सांग. चूक तुझीच होती?"

"आजी, आम्ही नाही बोलत तसं. कोण चुकला, ते रूममध्ये बोलायचं. बाहेर कुणी विचारलं तर आपण म्हणायचं, माझी चूक."

"कसली रूम?"

"आम्ही पाच जण आणि कोच. बाकी कुणी नाही."

"आणि त्यापायी नारळ मिळाला तर?"

त्यानं खांदे उडवले. "मिळाला तर मिळाला."

 तेव्हापासून यमुनाबाई एकसारखी भांडी आपटत होत्या.

टॅबलेट वाजला तसा अनय ताठ झाला. गिरीश आणि तनूला त्यानं बाहेर घालवलं, दार लावलं आणि आजीकडे वळला. "आजी, प्लीज..."

"माझी कणीक मळायची राहिलीय," यमुनाबाई म्हणाल्या आणि परात ओढून त्याच्या पाठीमागं उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर त्यांचं होतं. बाहेर कोण जाणार?

पडद्यावर टोपी घातलेला एक टकला माणूस आला. यमुनाबाईंची शाळा चौथीत सुटली होती आणि इंग्रजी बस, जीपीचा दवाखाना आणि 'नो थँक्यू'पुढं गेलं नव्हतं. पण त्यांना एक गोष्ट येत होती, जी त्या कोचला येत नव्हती. अनयला मनापासून वाईट वाटलं की त्याचे कान लाल व्हायचे. तोंडानं काही बोलो, कान खोटं बोलत नसत. म्हणून त्या कणीक मळत कान बघत राहिल्या.

कोच एकेक तुकडा लावायचा आणि म्हणायचा, प्लस. प्लस. मायनस. मायनसला त्यानं चित्र थांबवलं. अनय फार पुढं झुकला होता, समोरच्यानं त्याला दंडाला धरून खेचला आणि हा तोंडावर पडला होता. कान लाल. पुन्हा प्लस. पुन्हा एक मायनस, पुन्हा लाल. यमुनाबाईंना कणीक घट्ट झाल्याचंही कळलं नाही.

मग तो तुकडा आला. काळ्या शर्टातला गडी सुटायच्या आतच कोचनं चित्र थांबवलं. अनयभोवती पिवळं वर्तुळ काढलं, मागं उभ्या असलेल्या एका बारक्या पोराभोवती दुसरं. खूप बोलला. यमुनाबाईंनी कान बघितले. जसेच्या तसे.

"प्लस," कोच म्हणाला.

त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण कोचनं बोट वर करून पुन्हा तेच म्हटलं. मग तो आणखी काही बोलला, हसला, आणि अनयनं दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले. यमुनाबाईंचे हात कणकेतच थांबले. गेलं, त्या मनात म्हणाल्या. पोराची नोकरी गेली.

पडदा काळा झाला.

"काय रे? नारळ?"

अनयनं हात काढले. डोळे ओले होते, पण चेहरा मांडवातल्या नवरदेवासारखा. "नाही, आजी. ठेवलं. सीझन संपेपर्यंत ठेवलं मला."

यमुनाबाई परात टेबलावर ठेवून त्याच्या शेजारी बाकावर बसल्या.  सकाळपासून कोंडलेला श्वास असा बाहेर पडला, की पुढ्यातलं पीठ उडालं. "गजानना," एवढंच त्या म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला. "तर मग चूक तुझी नव्हती! दाखव मला, काय झालं ते."

अनयनं दाराकडे बघितलं, ते लागलेलं होतं. कणकेचे गोळे करून त्यानं पोळपाटावर मांडले.

"हा मी. हा त्यांचा माझ्या आतल्या बाजूचा माणूस, हा बाहेरचा, जो घुसला तो. दोघं एकदम आले. आमचा नियम आहे, आतला आधी. तो बॉल फेकणाऱ्याच्या जवळ असतो. बाहेरच्याला आमचा मागचा पोरगा घेणार, फेकणाऱ्याच्या शेजारी असतो तो. तो नवीन आहे, आजी, बावीस वर्षांचा. घाबरला, दुसरीकडेच बघितला."

"आणि तू बाहेरच्यावर हात टाकला असतास तर?"

"टीव्हीवर छान दिसला असता. पण आतला सरळ घुसला असता."

"दोन्ही ओळी उपाशी," यमुनाबाई म्हणाल्या.

अनय हसला, कालपासून पहिल्यांदा. "तूच शिकवलं ना. मी त्या पोराचं नाव नाही घेतलं, म्हणून कोच खूश होता." मग त्यानं आवाज खाली आणला. "आज तू रूममध्ये होतीस. आता बाहेर नाही बोलायचं."

"मला शिकवतोस?"

तेवढ्यात दार ढकलून तनू आत आली, मागोमाग गिरीश. अनयनं अंगठा वर केला आणि तनू किंचाळत त्याच्या गळ्यात पडली. बाक करकरला. गिरीशनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. कालपासून आपण पोराला काय काय बोललो ते त्याला आठवत असावं.

"मग ती चूक," तो म्हणाला, "नक्की होती कुणाची?"

अनयनं तोंड उघडलं. 'माझी' असंच बाहेर येणार होतं. त्याच्या आत यमुनाबाईंनी पोळपाटावर हात आपटला. सगळे गोळे एका फटक्यात एक झाले.

"तुला काय करायचंय रे? तू हाडं जोड!"

"अगं आई, मी नुसतं विचारलं."

"विचारू नकोस. आणि ते टीव्हीवरचं पुन्हा लावलंस तर रिमोट कणकेत मळीन."

गिरीशला काहीच कळलं नाही. तनूनं दादाकडे बघितलं, दादानं छताकडे. यमुनाबाई उठल्या, गार थालीपीठ बाजूला सारलं, तवा गॅसवर चढवला. दाराच्या खुंटीला त्या लालबुंद माणसाचा स्कार्फ लटकत होता. तो आता परत द्यायला हरकत नाही असं त्यांच्या मनात आलं, पण कुणाला आणि कुठं, म्हणून तोही विचार सोडला. मग कमरेवर हात ठेवून त्या नातवासमोर उभ्या राहिल्या.

"त्या टकल्याचे मार्क टकल्यापाशी. आता माझे ऐक. काल चांगलं वाढलंस. कुणाला हाक मारावी लागली नाही, आपली ओळ सोडली नाहीस, दुसऱ्याचं सांडलेलं आपल्या पदरात घेतलंस. प्लस. पण इथं ताटावर रुसून बसलास, आणि तू जेवत नाहीस म्हणून ही म्हातारी सकाळपासून उपाशी आहे, हे तुला दिसलंसुद्धा नाही. तो मायनस, मोठ्ठा. आता सरक तिकडं, मलाही बसू दे, आणि गरम थालीपीठ मुकाट्यानं खा, गाढवा!"