आवाज न करणारा ड्रायव्हर

पुतणी सकाळपासून घाबरलेली होती, पण भलत्याच गोष्टीला. मोटर एखादं पाऊल गाळेल आणि वह्या मापात कापल्या जाणार नाहीत, ही तिची धास्ती.

काकूच्या बाइंडिंगखान्यातलं कागद कापायचं यंत्र काकांनी स्वतः जुळवलेलं. मागची लोखंडी पट्टी वह्यांचा गठ्ठा पुढे ढकलते, मापावर थांबते आणि तीन सेकंदांनी सुरी आपोआप खाली येते; बटण बंद करेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा चालतं. सुरी येईपर्यंत काकू डाव्या हाताने गठ्ठा दाबून सरळ धरते. काकांची करंगळी याच सुरीने नेली होती. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय सुरी उतरू नये, अशी सोय करा म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं, तर काम मंदावतं म्हणत त्यांनी ते उडवून लावलं. शेवटपर्यंत नऊ बोटांनी काम केलं आणि गेले. हट्ट मात्र यंत्रात तसाच राहिला.

पट्टी ढकलते ती एकेक पाऊल मोजून फिरणारी स्टेपर मोटर. यंत्रातला चिमुकला संगणक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, तिला नुसता इशारा देतो, इतकी पावलं चाल म्हणून. मोटर फिरवण्याची ताकद त्याच्या अंगात नसते, ती मधलं एक कार्ड पुरवतं. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

"मोटर म्हटली की ड्रायव्हर आलाच," काकू म्हणाली होती. "पगार मागत नाही ना, इंजिनीअरबाई?"

जुना ड्रायव्हर किंचाळायचा आणि तापायचा. तापला की पावलं गाळायचा, आणि मोटर उलट निरोप देत नसल्यामुळे मायक्रोकंट्रोलर आपला खुशाल मोजत बसायचा. वरच्या मजल्यावरच्या बाई तर रोज खाली येऊन भांडायच्या. पुतणीने तीन नवे ड्रायव्हर आणले. पहिल्याच्या जिवावर मोटर गठ्ठ्याचं ओझं ढकलेना. दुसरा दणकट होता, पण जुन्याहून कर्कश. तिसरा महागडा, थंड डोक्याचा आणि मुका. काकू जेवायला घरी गेली तेवढ्यात पुतणीने तो बसवला, बारक्या स्क्रू-ड्रायव्हरने करंट जुळवला, पट्टी सरकवणाऱ्या स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावलं आणि वीस गठ्ठे कापून पाहिले. विसाच्या वीस मापात. तिचा जीव भांड्यात पडला.

"काकू, बघ आता, कशी सुरेख चालते," काकू परत आल्यावर ती म्हणाली. "मी दुकानात जाऊन येते. सुरीची ती दोन बटणं आजच आणते."

"आण, आण. मी तोवर थोडं काम उरकते."

दुकानदाराने बटणं काढून दिली. पुतणीने विकायला आणलेला जुना ड्रायव्हर घेण्याआधी त्याने तो टेबलावरच्या मोटरला जोडून पाहिला. दुकानभर ओळखीची किंकाळी घुमली आणि बंद झाली.

"डोकं उठवतो खरा," दुकानदार हसला, "पण मोटर थांबली की आंधळ्यालासुद्धा कळतं."

पुतणी हसली नाही. मागच्या आठवड्यात काकूने कपाबाहेर चहा ओतला होता आणि खापर कपावर फोडलं होतं. परवा सुईत दोरा ओवून मागितला होता. लाल पुठ्ठ्याचा ढीग कुठला, हे दोनदा विचारलं होतं. आणि यंत्र शिकवताना ती म्हणाली होती, "सोपं आहे गं. आवाज थांबला की हात काढायचा."

पुतणीने फोन लावला. काकू कामात असली की उचलत नसे, तशी तिने तो उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग पुतणी पळत सुटली. बटणं दुकानातच राहिली, एक चप्पल रस्त्यात गेली, कुणीतरी मागून ओरडलं. तिला फक्त काकूचा डावा हात दिसत होता, गठ्ठ्यावर पालथा ठेवलेला आणि आवाज थांबायची वाट पाहणारा. त्या हाताने तिला भात भरवला होता. आपण त्याचं काय करून ठेवलं, या विचाराने तिला रडूही येईना.

बाइंडिंगखान्याच्या दारात पोचली आणि आत सुरी पडली. धप्प.

काकूची हाक नाही, की किंकाळी नाही. आत पाय टाकायची पुतणीची छाती होईना. शेवटी भिंतीला धरून ती आत गेली आणि आधी भिंतीवरचं मोठं बटण बंद केलं.

काकू यंत्रापाशी उभी होती. दोन्ही हात मनगटांना होते. पुतणीने बोटं मोजली. मग परत मोजली.

"आलीस? बघ बाई तुझं यंत्र," काकू वैतागून म्हणाली. "बटण दाबलं तर हूं नाही की चूं नाही. म्हटलं, बंदच पडलंय. गठ्ठा काढायला आत हात घालणार, तेवढ्यात फोन वाजला. मागे वळले आणि ही सुरी पडली. परत वाजला, तर पायच हलेनात, आणि सुरी आपली पडतेच आहे."

सुरीच्या पुढ्यात कागदाच्या कातरणांवर बोटभर निळं कापड पडलं होतं. काकूच्या डाव्या बाहीचा काठ. बाही मनगटाशी उघडी पडली होती आणि काकूला ते दिसलंच नव्हतं.

"मापात आलं ना गं?" तिने विचारलं.

पुतणीने ती निळी पट्टी उचलून काकूच्या तळहातावर ठेवली. काकूने ती चिमटीत धरली. शिवणीवरून, स्वतःच घातलेल्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग हळूच उजवा हात डाव्या बाहीकडे नेला आणि तिथे काठ नाही, हे चाचपून पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कधीपासून दिसत नाही, काकू?"

"वर्ष झालं. कळलं असतं तर तुम्ही मला घरी बसवलं असतं."

वरच्या मजल्यावरच्या बाई आज भांडायला आल्या नव्हत्या.

काकूने पट्टीच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "सरळ कापलंय मात्र," ती म्हणाली. "एक सूत इकडेतिकडे नाही." मग ती मटकन खाली बसली आणि डावा हात पुतणीपुढे धरला. "धरून ठेव गं थोडा वेळ. लटपट थांबत नाहीये."