यशोदेची गिरणी

माझ्या आईने बारा भागांच्या एका जपानी मालिकेला दहापैकी शून्य गुण दिले.

हे वाक्य चुकून आधी आलं आहे. वाचलं नाही असं समजा. अजून काहीच झालेलं नाही. अखाजीला, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस आहेत, मालिका घरात कोणी पाहिलेली नाही, आणि मी बोदवडच्या माझ्या दुकानात एका आजोबांचा हयातीचा दाखला ऑनलाइन काढतोय. लोकांचे अर्ज भरून देणं हा माझा धंदा. यंत्र म्हणतंय की आजोबांचा अंगठा जुळत नाही, म्हणजे आजोबा हयात नाहीत. आजोबा समोर बसून माझा चहा पिताहेत.

तेवढ्यात ताईचा फोन आला. ताई म्हणजे भाविका, माझी मोठी बहीण. तीन वर्षांपूर्वी तिला नरडाण्याला दिली. जावई योगराज तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत.

"हित्या, तुझ्या त्या गेमची सीरिज आली. हिंदीत! आईला सांगितलं मी आत्ताच. अखाजीला आले की सगळे मिळून बघू."

माझा हात माउसवरच राहिला.

"कोनी गेलं का?" आजोबांनी बशी खाली ठेवत विचारलं.

"अजून नाही," मी म्हणालो.

आता तो गेम काय ते सांगतो. त्याला गेम म्हणावं तर त्यात मारामारी नाही, पुस्तक म्हणावं तर पानं नाहीत. पडद्यावर चित्र येतं, मागे संगीत वाजतं, खाली दोन-तीन ओळी येतात, आपण वाचायचं. मधेच तो विचारतो: आता स्टेशनवर जाशील की घरी? तुम्ही जे निवडाल त्यावर पुढची गोष्ट. समुद्राकाठचं छोटं गाव, एक पोरगा, चार मुली, चार रस्ते. ज्या मुलीच्या रस्त्याने जाल तिची गोष्ट कळते, बाकीच्या तिघी आपापल्या घरी सुखी.

ताई सासरी गेली तेव्हा आमचं घर एकदम मोठं झालं. आई भाकरी थापायची चार जणांच्या, खायचो आम्ही तिघं, आणि चौथीकडे कोणी बघायचं नाही. आबा, म्हणजे माझे वडील, तर बोलायचे फक्त कपाशीशी. मग एका संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन चुलीपाशी बसलो आणि इंग्रजीतला तो गेम आईला आपल्या बोलीत वाचून दाखवायला लागलो. निवड करायची आईने.

तिने योशिनोला निवडलं. स्टेशनमास्तरची मुलगी, फटकळ, पण स्वतःच्या डब्यातलं दुसऱ्याला देणारी. आईला ते नाव पहिल्या दिवशीच जड गेलं. दुसऱ्या दिवसापासून ती यशोदा झाली.

"तिचा हात धरायचा का, असं विचारतोय," मी म्हणालो.

"आधी तिचे मायबाप काय म्हनतात ते इचार."

"असा पर्याय नाहीये आई."

"मंग गेमच अर्धवट हाये. सहा."

हे सहा म्हणजे गुण. आई एकदा तालुक्याच्या पापड स्पर्धेत परीक्षक होती. स्पर्धा संपली, परीक्षक राहिली. आबांच्या चहाला साडेपाच. ताईच्या लग्नाला साडेसात, त्यातला अर्धा वरण-बट्टी शेवटच्या पंगतीलाही गरम होती म्हणून. दहा आजवर कोणालाच नाही. देवळातल्या मारुतीला नऊ आहेत, शेंदूर एका बाजूने जास्त लागलाय.

तर यशोदेच्या रस्त्याला शेवटी काय होतं? यशोदा मरते. तिला आधीपासून आजार असतो, तो शेवटी कळतो. स्टेशनवरचं रिकामं बाकडं, त्यावर तिची छत्री, खाली तीन ओळी. बस.

ते चित्र आलं तेव्हा आई भाकरी थापायची थांबली होती. हात परातीत, डोळे पडद्यावर. त्या दिवशी ताईचा फोन आला नव्हता.

मी त्या तीन ओळी मनात वाचल्या आणि मोठ्याने भलतंच वाचायला लागलो, "यशोदेने गावात पिठाची गिरणी टाकली."

का, ते मला आजही माहीत नाही. खानावळ टाकता आली असती. पण तोंडातून गिरणी निघाली, आणि एकदा निघालेली गिरणी बंद करणं सोपं नसतं. आईने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "यशोदीची गिरनी कशी चालू राह्यली रे?" तिसऱ्या दिवशीही. गेम संपला, लॅपटॉपची बॅटरी फुगली, तरी अडीच वर्षं जपानातली ती गिरणी रोज संध्याकाळी आमच्या चुलीपाशी चालू आहे. तिला मिरची कांडप जोडलं. दळणाला येणाऱ्या बायकांत एक म्हातारी अशी आहे की तिला पीठ कधीच पुरेसं बारीक वाटत नाही. आबाही विश्वास ठेवून आहेत. त्यांनी एकदाच विचारलं होतं, "जपानात ज्वारी पिकते का?" मी हो म्हणालो. जपानने मला माफ करावं.

रोज नवी बातमी कुठून आणायची? मी ताईच्या घरातून आणायचो. ताई मला फोनवर ज्या गोष्टी सांगायची आणि वर म्हणायची, "आईला सांगू नकोस, उगाच जीव टांगणीला लावते," त्या मी आईला सांगत नव्हतो. शब्द म्हणजे शब्द. फक्त त्या गोष्टी गिरणीवर घालत होतो.

आणि आता मालिका आली होती, आईला कळणाऱ्या हिंदीत. यशोदा तिच्या डोळ्यांदेखत मरणार होती, आणि पाठोपाठ माझी अडीच वर्षं.

मी दुकानाचं शटर ओढलं आणि शेवटचा भाग एकटाच बघून घेतला. गेममध्ये तीन ओळींत गेलेली मुलगी इथे अकरा मिनिटं जात होती. व्हायोलिन लावून.

ताई अखाजीच्या चार दिवस आधी आली. गाडी उशिरा का, विचारलं तर सासरच्या अहिराणीत म्हणाली, "बठ्ठ्या गाड्या लेट शेतस." आईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तब्येतीला सात, भाषेला चार.

दारातल्या निंबाला झोका बांधलेलाच होता. गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी आलेल्या, दिवसभर झोक्याला नंबर. दुपारी ऊन इतकं की झोकाही एकटा पडायचा. तेव्हा आम्ही घरात कूलर लावून मालिका लावायचो. आबा कूलरच्या तोंडाशी, डोळे मिटून, पण कान इकडे.

पहिला भाग: सात. "टेसन सोच्छ हाये."

तिसरा: पाच. "हा पोरगा नुस्ता उभा राहतो. याले कामधंदा नाही का?"

पाचव्या भागात यशोदा पावसात बिनछत्रीची निघाली आणि आई खाटेवरून ओरडली, "छत्री दे म्हना तिले!"

पोराने छत्री दिली नाही. गेममध्ये ती जागा मला आठवत होती. तिथे विचारलं होतं: छत्री देशील का? आईने तेव्हा "दे, दे" करत माझ्या हातावर चापट मारली होती.

"हा इचारत नाही का?"

"सीरिज विचारत नाही आई. त्यांनी आधीच ठरवलंय."

"आपल्याले न इचारता?"

"हो."

आईने त्या भागाला तीन दिले आणि शेंगांची वाटी पुढ्यात ओढून सोलत बसली.

माझी योजना साधी होती. अकराव्या भागाच्या शेवटी यशोदा खिडकीतून समुद्राकडे बघून हसते. तिथे मी उठलो, टीव्हीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "संपली. छान होती. चला, आमरस."

"तिथं बारा दिसताहेत की," ताई म्हणाली.

"बारावा जाहिरातीचा आहे."

"हित्या, बाजूला हो."

"त्यात जपान सरकारची सूचना आहे नुसती. कायदेशीर."

"हितू," आई म्हणाली, "सरक."

मी सरकलो. अकरा मिनिटं मी टीव्ही पाहिला नाही, आईकडे पाहिलं. ती परीक्षकासारखी ताठ बसली होती, हात मांडीवर. व्हायोलिन वाजलं. बाकडं रिकामं झालं. छत्री राहिली. नावं वर सरकायला लागली.

"शून्य," आई म्हणाली.

ताईचं नाक लाल झालं होतं. "आई, पण ती मेली गं!"

"गिरणी कोणाला विकली मग तिनं?" आबांनी डोळे न उघडता विचारलं.

"कोणती गिरणी?" ताई म्हणाली.

आता घरात तीन माणसं माझ्याकडे बघत होती, त्यातलं एक डोळे मिटून. मी सगळं सांगितलं. म्हणजे गिरणीचं. कांडप सांगितलं, बारीक पिठाची म्हातारी सांगितली.

"बारीक पिठाची म्हातारी?" ताईचा आवाज बदलला. "हित्या, ही माझी सासू आहे का?"

"म्हातारी जपानी आहे."

"अजून काय काय झालं त्या गिरणीत?"

"विशेष काही नाही. मागच्या श्रावणात पट्टा तुटला होता."

ताई बोटांवर काहीतरी मोजत होती. "श्रावणात मी जिन्यावरून घसरले होते. फक्त तुला सांगितलं होतं. आणि आठ दिवसांत इथून डिंकाचे लाडू आले. मी म्हटलं, श्रावणात डिंकाचे लाडू? आई म्हणाली, डिंक उरला होता."

आई शेंगांची टरफलं गोळा करायला लागली.

"दिवाळीनंतर?" ताईने हळूच विचारलं. "दिवाळीनंतर गिरणीला काय झालं होतं?"

उत्तर आबांनी दिलं. "महिनाभर बंद होती. लाइट नव्हती तिथं. आम्ही सगळेच काळजीत होतो."

दिवाळीनंतर ताईच्या पोटात तीन महिन्यांचं जे होतं, ते राहिलं नाही. योगराज आणि सासू सोडले तर तिने फक्त मला सांगितलं होतं, आणि आईची शपथ घातली होती. त्याच आठवड्यात आई पिशवी भरून नरडाण्याला गेली होती. "इकडं वेचनीची धूय फार उडते, मले खोकला होतो," असं म्हणाली आणि महिनाभर राहिली. नरडाण्यात कारखान्यांची धूळ बोदवडच्या तिप्पट आहे.

"तुला माहीत होतं," ताई आईला म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"माह्या डोक्याले तेल लावून देत होती तू रोज," आई म्हणाली. "अन् रडत होती मांगून. मले काय डोये नाही का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगितलं असतं तं बोलली असती."

मग मी विचारलं. मला राहवलंच नाही.

"आई, यशोदा मेली हे तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"कसं? इंग्रजी होतं ते."

"खाली तीन ओयी लिवल्या होत्या," आई म्हणाली, "अन् तू अर्धा घंटा वाचत होता. तीन ओयीत गिरनी मावते का?"

अडीच वर्षं मी तिला फसवत होतो आणि ती मला रोज संध्याकाळी फसवू देत होती. एका पायलीचं दळण दोघांनी मिळून दळावं तसं.

ताई उठून आईच्या बाजूला खाटेवर बसली. दोघींच्या वजनाने खाट कुरकुरली. मग ताईने माझ्याकडे पाहिलं आणि चप्पल शोधली. "माझं सगळं घर गिरणीवर घातलंस, आणि माझं नाव यशोदा? निदान मालकीण तरी मीच आहे ना?"

"प्रोप्रायटर," मी म्हणालो.

चप्पल आली, कूलरला लागली, आबा दचकून बसले. "लाइट आली का गिरणीत?"

"आली आबा," ताई म्हणाली. "संक्रांतीपासून सुरू आहे." आणि तिने आईचा हात घेऊन स्वतःच्या पोटावर ठेवला. हे मलाही माहीत नव्हतं. माझ्या गिरणीतली बातमी मला न विचारता.

आईने हात तसाच ठेवला. टरफलं खाली सांडली, ती तिने उचलली नाहीत.

बऱ्याच वेळाने मी म्हणालो, "म्हणजे यशोदा मेली म्हणून शून्य?"

"नाही रे. कहानीत मानसं मरतात. बारा भागात एकदाबी इचारलं नाही, का बाई, आता काय करू? म्हनून शून्य."

"आणि माझ्या गिरणीला?"

आईने विचार केला. पापडाकडे उजेडात धरून बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

"नऊ."

"एक कुठे गेला?"

"वाचतांना रडत होता तू. वाचनाऱ्यानं रडू नाही." मग पदराने हात पुसत म्हणाली, "दिवसभर लोकायचे अर्ज लिवतं. आता एक घरचा लिव. नीट लिव, शिक्का मारून."

लिहिला. शिक्का दुकानाचाच आहे, पण गोल आहे. खाली नक्कल देतो.

प्रति,
मा. मालिका तयार करणारे साहेब,
जपान.

अर्जदार : सौ. सुनंदाबाई लीलाधर, रा. बोदवड, जि. जळगाव.

विषय : भाग क्र. १२ मध्ये पिठाची गिरणी सुरू करून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करते की, आपल्या मालिकेतील यशोदा (आपल्या दप्तरी नाव योशिनो) ही भाग क्र. १२ मध्ये मयत दाखविण्यात आली आहे. सदर नोंद चुकीची असून ती आमच्या माहितीप्रमाणे हयात आहे, गिरणी चालवते, आणि दसऱ्याच्या सुमारास तिच्या घरी पाळणा हलणार आहे. सदर निर्णय घेताना अर्जदारास विचारण्यात आलेले नाही. भाग क्र. ५ मध्ये छत्रीबाबतही विचारण्यात आलेले नाही.

तरी सदर मुलीस पूर्ववत हयात करून, भाग क्र. ५ मध्ये छत्री देण्यात यावी, स्टेशनलगतच्या रिकाम्या बाकड्याच्या जागी गिरणीस थ्री फेज वीजजोडणी मंजूर करावी, तसेच बारीक पिठाच्या म्हातारीस समज द्यावी, आणि केलेल्या कार्यवाहीचा बारा भागांचा सुधारित अहवाल दसऱ्यापूर्वी, अर्जदाराची मुलगी बाळंतपणास माहेरी येईपर्यंत, अर्जदाराच्या टीव्हीवर मिळावा, ही नम्र विनंती.